आत्यानं आत्याला खोटं पाडलं

स्वतःच्या आयुष्यावर विनोदी एकपात्री करायचा असेल, तर नातेवाईक एक तर बहिरे असावेत, नाही तर परदेशी असावेत. पुलं धोरणी. 'असा मी असामी'त त्यांनी आत्मचरित्र सांगितलं ते धोंडो भिकाजी जोशी नावाच्या, मुळात नसलेल्याच माणसाचं. नसलेल्या माणसाच्या मावश्याही नसलेल्याच असतात आणि त्या पहिल्या रांगेचे पास मागत नाहीत. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'त लक्ष्मण देशपांड्यांनी एकट्यानं ५२ पात्रं उभी केली, गिनेस बुकात नोंद झाली. लोक त्यांच्या आवाजाचं, दमसासाचं कौतुक करतात. मला हेवा वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. पडदा पडल्यावर जॉनराव किंवा बबन्या विंगेत येऊन "मी असं कधी बोललो होतो रे?" असं विचारत नसणार.

माझी पात्रं येतात. येताना डबाही आणतात.

माझ्या प्रयोगात आमचा मिरजेचा वाडा आहे. आजोबा, वडील, भाडेकरू, आणि या सगळ्यांच्या वर आत्या. सामान म्हणाल तर एक टेबल, एक खुर्ची, पाण्याचा तांब्या आणि उपरणं. ते खांद्यावर टाकलं की आजोबा, डोक्यावरून घेतलं की आत्या, कमरेला गुंडाळलं की भाडेकरू. वडील डावीकडे बघून बोलतात, आत्या उजवीकडे बघून. दोघांचं भांडण पहिल्या अंकात इतकं रंगतं की माझी मान धरली. डॉक्टरांनी विचारलं, "कामाचं स्वरूप काय?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी गळपट्टा दिला आणि भांडण मिटवायला सांगितलं.

तिकीट लावून प्रयोग करायचा, तर महाराष्ट्रात संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते आणि त्यांचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मी घेतलं. त्यामुळे माझ्या बालपणात आक्षेपार्ह काही नाही, याला सरकारी कागद आहे. मंडळानं एक शब्द कापला नाही. आईनं चार पानं कापली. "भाडेकरूंचं ते सगळं कशाला? त्यांची सून आता माझ्या भजनी मंडळात आहे."

तिकीटबारीवर पोट भरत नाही म्हणून गणपतीत सोसायट्यांचे प्रयोग घ्यावे लागतात. तिथला फोन ठरलेला. "एकटेच येणार ना? मग मानधनही तसंच धरा." प्रयोग दोन तासांचा आहे म्हटलं की म्हणतात, "पाऊण तासात बसवा हो, नंतर हाऊजी आहे." मग कोणता भाग गाळायचा यावर घासाघीस. एका चिटणिसांनी सुचवलं, "बालपण राहू द्या, नोकरी काढा. नोकरी सगळ्यांनाच आहे."

प्रयोगात एकच गंभीर जागा आहे. माझ्या फीसाठी वडील सायकल विकतात. रात्री तिला पुसून काढतात, घंटी एकदाच वाजवतात आणि मला म्हणतात, "उद्यापासून चालत जाऊ. पाय मोकळे होतील." त्या मांडवात मी हे बोललो, दोन क्षण थांबलो. समोर शांतता होती. बायकांनी पदर डोळ्यांकडे नेले होते. तेवढ्यात दुसऱ्या माइकवरून चिटणिसांचा आवाज आला, "बी विंगच्या गेटसमोरचं वाहन मालकानं ताबडतोब हलवावं." त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा तोच. शेवटी मला शाल, नारळ आणि वर रुपयाचं नाणं चिकटवलेलं पाकीट मिळालं. अशा नारळांमुळे आमच्याकडे बारा महिने सोलकढी असते.

पण हे सगळं परवडलं. खरा घोळ पुण्यात झाला. आत्या खास प्रयोगासाठी मिरजेहून कोयना एक्सप्रेसनं आली आणि पहिल्या रांगेत मधोमध बसली. वाड्यात चोर शिरतो तो प्रसंग सुरू होता. मी डोक्यावरून उपरणं घेतलेलं, म्हणजे मीच आत्या. हातात नसलेलं लाटणं उगारून चोराला म्हणतो, "थांब मेल्या, या लाटण्यानं पाठ सोलते तुझी!"

"लाटणं नव्हतं रे," खालून आवाज आला. "उलथनं होतं. आणि तापलेलं होतं."

थिएटर कोसळलं. आत्यानं आत्याला खोटं पाडलं होतं आणि माझ्या डोक्यावर अजून पदर होता. एकपात्रीत समोरच्याला उत्तर द्यायला दुसरं पात्र नसतं, हीच तर त्याची सोय असते. मी तांब्या तोंडाला लावून वेळ काढायला लागलो, तर म्हणाली, "पाणी नंतर पी. चोराचं सांग. मी त्याला चहा दिला ते सांगितलंस का?" नव्हतं सांगितलं. मला माहीतच नव्हतं. मग ते तिनंच सांगितलं, बसल्या जागेवरून, माइकशिवाय, शेवटच्या रांगेपर्यंत.

मध्यंतरात वडे खाताना लोक तिच्याभोवती होते. मला एकानं विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?"

आता फोन येतात ते असे : "त्या खालून बोलणाऱ्या बाई येणार असतील तर तारीख नक्की करू." आत्याच्या अटी मोजक्या आहेत. खालचा बर्थ, बिनसाखरेचा चहा, आणि वडा नको, पित्त होतं. मानधनाचं पाकीट ती माझ्यासमोर उघडत नाही. दर प्रयोगाला ती वाक्यं बदलते, त्यामुळे माझ्याच आयुष्यात पुढे काय होणार हे मला स्टेजवर कळतं. चोर मागच्या वेळी जेवूनही गेला. एवढं चांगलं लिहायला मला जमलेलं नाही, हे मी घराबाहेर कबूल करत नाही.

तिकडे काका चिडून बसलेत, कारण ते प्रयोगात नाहीत. त्यांनी पाठपोट कागदावर स्वतःचे विनोदी प्रसंग लिहून पाठवलेत. एका प्रसंगात ते लाइटबिलाची चूक पकडतात, दुसऱ्यात ती दुरुस्त करून घेतात. खाली सूचना : "कुठलाही घे, पण नाव पूर्ण घे."

पुढचा प्रयोग महिन्याच्या दुसऱ्या रविवारी होता. आता तिसऱ्या रविवारी आहे. दुसऱ्या रविवारी आत्याची भिशी आहे.