नवी गाडी थर्ड पार्टीवर घ्या म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

‘शोरूमवाले तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश गेले काही आठवडे सांगली-मिरजेतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतो आहे. नवी मोटार घेताना दीड लाख रुपये वाचवण्याचे सात मार्ग त्यात दिले आहेत. मला तो तीनदा आला आणि तिन्ही वेळा मी तो सोडून दिला. परंतु मागच्या रविवारी माझे थोरले चुलते, ज्यांना घरात सगळे आप्पा म्हणतात, तासगावहून आले ते हे सातही मार्ग खिशातल्या डायरीत क्रमांक घालून उतरवून घेऊनच. आदल्या दिवशी शोरूममध्ये जाऊन त्यांनी सांगूनही टाकले होते की विमा फक्त थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता, लावा, बाकीचे सगळे काढा. बेदाण्याचे आलेले पैसे आणि वर थोडे बँकेचे कर्ज अशी जुळवाजुळव करून घेतली जाणारी ही त्यांच्या आयुष्यातली दुसरी गाडी आहे. मी एका कर सल्लागाराच्या कार्यालयात काम करते, त्यामुळे विम्याची आणि कराची कागदपत्रे रोज हाताखालून जातात. म्हणून आता गप्प बसणे मला शक्य नाही.

संदेशातील दावे असे आहेत: डीलरला प्रत्येक गाडीमागे पंधरा ते वीस टक्के नफा असतो, तेव्हा सरसकट एक लाख कमी करायला सांगा, पैसे रोख दिले की आणखी पन्नास हजार सुटतात, टीसीएस (गाडी विकताना शोरूम गोळा करते तो आयकर) ही शोरूमची लूट आहे, बेळगाव पासिंग (कर्नाटकातल्या बेळगावात गाडीची नोंदणी) केले की टॅक्स वाचतो, कायद्याला फक्त थर्ड पार्टी लागते, म्हणून बाकीचा विमा नाकारा, गाडी महिनाअखेरीसच घ्या, आणि हँडलिंग चार्जेस देऊ नका. यातला शेवटचा दावा खरा आहे आणि त्याच्या आधीचा अर्धा खरा आहे. उरलेल्या पाचांपैकी विम्याचा दावा तर असा आहे की कृष्णेकाठच्या माणसाला तो सांगणाऱ्याने आधी इथे एक पावसाळा काढायला हवा होता.

नफ्याचा मुद्दा लवकर संपवते. गाडीच्या विक्रीवर डीलरचे मार्जिन एकेरी आकड्यातल्या टक्क्यांत असते आणि जागेचे भाडे, कामगारांचे पगार, उभ्या गाड्यांवर चढणारे बँकेचे व्याज हे सगळे त्यातूनच भागते. आठ लाखांच्या गाडीवर वीस टक्के म्हणजे एक लाख साठ हजार होतात. एवढी जागा असती, तर त्याच कंपनीच्या कोल्हापूरच्या किंवा कराडच्या डीलरने सांगलीचे गिऱ्हाईक केव्हाच ओढून नेले असते. सूट मिळते ती मुख्यतः कंपनीने त्या महिन्यापुरत्या दिलेल्या स्कीममधून: थेट किमतीतली सूट, जुन्या गाडीवरचा एक्सचेंज बोनस, नोकरदारांसाठीची कॉर्पोरेट सूट. म्हणून ‘लाख कमी करा’ असे म्हणण्यापेक्षा ‘याच मॉडेलच्या याच व्हेरिएंटवर या महिन्याची स्कीम किती आहे, आणि तिच्यावर तुम्ही तुमच्याकडचे किती घालता,’ असा प्रश्न विचारावा आणि उत्तर कोटेशनवर लिहून घ्यावे. ज्या मॉडेलला महिनोन्महिने वेटिंग आहे, त्यावर काही मिळणार नाही, हेही धरून चालावे. संदेश लिहिणाऱ्याचा अभ्यास किती शिळा आहे हे संदेशाच्या याच परिच्छेदात दिसते, कारण तो अजून २८ टक्के जीएसटी आणि वर सेस असा हिशोब सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर १८ टक्के, तर त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे, आणि सेस काढून टाकलेला आहे.

रोख रकमेचा सल्ला मात्र चुकीचाच नव्हे, तर अडचणीत आणणारा आहे. २०१७ साली आयकर कायद्यात आलेल्या नियमानुसार (तेव्हाचे कलम २६९ एसटी) कोणालाही एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही, आणि स्वीकारली तर स्वीकारणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. ‘दोन लाखांच्या आतल्या वेगवेगळ्या पावत्या करून घ्या,’ असेही संदेशात पुढे लिहिले आहे. परंतु व्यवहार एकच असल्याने पावत्यांचे तुकडे केल्याने कलम टळत नाही. शिवाय कर्ज मिळवून दिले की शोरूमला बँकेकडून काही रक्कम मिळते, त्यामुळे रोखीच्या गिऱ्हाइकाला उलट कमीच सूट मिळण्याचा संभव असतो. आप्पा कापडी पिशवीत साडेतीन लाख घालून एसटीने सांगलीला येणार होते, हे मला काकूंकडून कळले.

टीसीएस दहा लाखांहून अधिक किमतीच्या गाडीवरच लागतो, एक टक्का लागतो, आणि तो शोरूमच्या खिशात न जाता तुमच्या पॅनवर सरकारात जमा होतो. आयकर विवरणपत्र भरले की तो करातून वळता होतो किंवा परत मिळतो. शेतीशिवाय दुसरे उत्पन्न नसणाऱ्यांनी केवळ त्यासाठी विवरणपत्र भरावे. आप्पांची गाडी दहा लाखांच्या आतली असल्याने त्यांना हा प्रश्न नव्हताच, तरी त्यांनी विक्री प्रतिनिधीशी त्यावरून वाद घातला होता.

बेळगाव पासिंगविषयी एवढेच सांगते की पाच ते दहा लाखांच्या गाडीवर कर्नाटकात १४ टक्के कर आहे आणि उपकर वेगळा, तर आपल्याकडे दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के आहे. म्हणजे वाचायचे सोडून पैसे जास्तच जातात. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ४० सांगते की मालक जिथे राहतो किंवा गाडी जिथे ठेवली जाते, त्या राज्यातच नोंदणी करायची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कोणत्याही कार्यालयात नोंदणी करता येते, त्यामुळे कराड, कोल्हापूर किंवा पुण्याचे कोटेशन जरूर आणावे. त्याचा घासाघिशीत खरोखर उपयोग होतो.

आता विमा. ‘कायद्याला फक्त थर्ड पार्टी लागते’ हे वाक्य कायद्याच्या दृष्टीने खरे आहे, आणि म्हणूनच ते जास्त घातक आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि त्याचा हप्ता सरकार ठरवते. २०२२ च्या अधिसूचनेप्रमाणे १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीसाठी तीन वर्षांचे १०,६४० रुपये, अधिक जीएसटी. या विम्यातून पैसे मिळतात ते तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्या दुसऱ्याला. तुमची स्वतःची गाडी चोरीला गेली, जळाली, घाटात उलटली किंवा पुरात बुडाली, तर त्यातून एक रुपयाही मिळत नाही.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, हे सांगलीतल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेले आणि मारुती चौक, गावभाग, शामरावनगर या भागांत वाहनतळांतल्या गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची दीड वर्षाची गाडी मी पाहिली आहे. सीटच्या पाठीवर खांद्याच्या उंचीला गाळाची सरळ रेघ उमटली होती. पुढचा कप्पा उघडला तर आरसी, विम्याचा कागद आणि पेट्रोलच्या पावत्या यांचा मिळून एक करडा लगदा झाला होता, आणि दारे उघडताना आतून अजून पाणी गळत होते. त्यांनी पहिल्या वर्षानंतर पैसे वाचवायचे म्हणून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला आपण फर्स्ट पार्टी म्हणतो तो विमा चालू ठेवला नव्हता. गाडी भंगाराच्या भावात गेली आणि कर्जाचे हप्ते मात्र पुढे चालू राहिले. त्याच गल्लीत ज्यांचा पूर्ण विमा होता, त्यांना गाडीच्या विमित मूल्याप्रमाणे, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीप्रमाणे, भरपाई मिळाली, कारण पूर, वादळ, भूस्खलन ही कारणे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात समाविष्ट असतात. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. एवढे सगळे दोनदा पाहिल्यानंतरही कोणीतरी याच शहरातल्या गटांवर ‘तीस हजार वाचवा’ म्हणून हा सल्ला पुढे पाठवतो, याचा मला मनापासून संताप येतो.

यातच आणखी एक गोष्ट इथल्या लोकांनी ध्यानात ठेवावी. पाण्यात उभ्या असलेल्या गाडीला स्टार्टर मारला आणि इंजिनात पाणी ओढले गेले, तर ते नुकसान साध्या विम्यात बहुधा नाकारले जाते. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड, म्हणजे अ‍ॅड-ऑन, घ्यावी लागते, आणि ती असो वा नसो, बुडालेली गाडी सुरू करून न पाहता टोईंग करूनच न्यावी. अ‍ॅड-ऑनच्या यादीतली बाकीची निम्मी नावे काढून टाकली तरी चालेल, ही मात्र काढू नये.

शोरूम विम्यावर कमिशन कमावते, हे मला मान्य करावेच लागते. संदेशाचा राग याच ठिकाणी रास्त आहे, उपाय मात्र उलटा आहे. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१७ साली वाहन विक्रेत्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यांचा गाभा असा की विक्रेत्याने विमा विकायला हरकत नाही, परंतु अमुकच कंपनीचा किंवा आमच्याकडूनच घ्या, अशी सक्ती ग्राहकावर करता येत नाही. ‘स्कीम हवी असेल तर विमा इथलाच,’ असे कोणी म्हटले, तर हे लेखी द्या म्हणावे. विमा नाकारायचा नाही; तोच विमा बाहेरून किती रुपयांना मिळतो, ते आधी काढायचे आणि मग शोरूमशी बोलायचे. तुलना करताना दोन्हीकडे विमित मूल्य सारखे आहे ना आणि अ‍ॅड-ऑन तेच आहेत ना, हे पाहावे, कारण विमित मूल्य खाली आणून हप्ता स्वस्त दाखवणे सोपे असते. थर्ड पार्टीचा भाग सगळीकडे सारखाच असतो, म्हणून फरक शोधायचा तो स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात आणि जोडींमध्ये. बाहेरचा विमा घेतला तर कॅशलेस (दुरुस्तीचे बिल विमा कंपनीने परस्पर भरण्याची सोय) मिळणार नाही, असेही सांगितले जाते. त्यावर त्या विमा कंपनीच्या गॅरेजांच्या यादीत आपले सर्व्हिस सेंटर आहे का, एवढे पाहिले की झाले.

ज्या एका गोष्टीने खरोखर पैसे वाचतात, तिचा या संदेशात शब्दही नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. सलग पाच वर्षे दावा केला नसेल तर तो ५० टक्क्यांवर पोहोचतो, आणि जुनी गाडी विकताना किंवा एक्सचेंजला देताना जुन्या विमा कंपनीकडून त्याचे पत्र घेतले, तर नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात तेवढी सवलत मिळते. आप्पांनी जुन्या गाडीवर कधीच दावा केलेला नाही. त्यांच्या कोटेशनवर विम्याची रक्कम ४६,३०० होती. तेच विमित मूल्य आणि त्याच जोडी धरून बाहेरून ३५,८०० चा आकडा आला, आणि बोनस लावला तर तो सत्तावीस हजारांच्या आसपास येतो. शोरूममध्ये कोणीही त्यांना बोनसविषयी विचारले नव्हते.

महिनाअखेरीचा मुद्दा अर्धा खरा आहे. विक्रीचे लक्ष्य गाठायचे असेल तर शेवटच्या आठवड्यात हात थोडा सैल होतो, आणि पितृपक्षात गिऱ्हाईक कमी असल्याने दसरा-पाडव्यापेक्षा शांतपणे बोलता येते. डिसेंबरमध्ये सूट मोठी दिसते, कारण जानेवारीत तीच गाडी कागदावर एक वर्ष जुनी होते आणि पुढे विकताना तेवढा भाव तुटतो. फार वर्षे वापरणाऱ्याला ते परवडते, तीन-चार वर्षांत बदलणाऱ्याला नाही. उत्पादनाचा महिना आणि वर्ष विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, लिहिलेले असते; पैसे भरण्यापूर्वी ते पाहावे.

हँडलिंग चार्जेसविषयी संदेशाचे म्हणणे बरोबर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ८१ मध्ये शुल्काचा तक्ता आहे. खासगी मोटारीच्या नोंदणीचे ६०० रुपये आणि कर्जाचा बोजा चढवण्याचे १,५०० रुपये. हँडलिंग नावाचे शुल्क त्यात नाही. आप्पांच्या कोटेशनवर त्या नावाने साडेसात हजार होते. याच नावाची, जीएसटी क्रमांकासह पावती द्या, असे मी फोनवरून शांतपणे सांगितल्यावर दुसऱ्या दिवशीच्या कोटेशनवर ती ओळ नव्हती.

त्या नव्या कोटेशनवर पूर्ण विमा आहे, इंजिन संरक्षण आहे, आणि बाहेरचा आकडा दाखवल्यावर शोरूमने विम्याची रक्कम ३६,००० वर आणली आहे. नो क्लेम बोनस मात्र पत्राशिवाय लागत नाही. सोमवारी आप्पा आणि मी जुन्या गाडीच्या सह्या केलेल्या फॉर्म २९ आणि ३० च्या (मालकी बदलाच्या अर्जांच्या) प्रती घेऊन जुन्या विमा कंपनीच्या कार्यालयात जाणार आहोत, आणि ते पत्र हातात पडल्याशिवाय बुकिंगच्या पुढची रक्कम भरायची नाही, असे आमचे ठरले आहे.