दार उघडा, पण आमच्या दारावर नको!

मे महिन्यात गणपतीपुळ्याला गाडी लावा, तासाभराने परत या; दारावर चिंचोक्याएवढा पोचा आणि त्यात दुसऱ्याच गाडीचा पांढरा रंग. चिठ्ठी नाही, काही नाही. अहो, दाराची कड हाताने धरून उतरायला काय पैसे पडतात?

त्यात वाऱ्याचं कुणी बघतच नाही. दुपारी वारा समुद्राकडून येतो. गाडीचं तोंड समुद्राकडे असेल तर तो दार मिटवतो. पाठ समुद्राकडे केली की तोच वारा दार हातातून हिसकावून शेजारच्या गाडीवर आपटतो. बिजागऱ्या पुढच्या बाजूला असतात, एवढंच कारण. मागे पोरं असतील तर चाइल्ड लॉक लावा आणि बाहेरून आपणच दार उघडा.

कडेला रबरी पट्टी बसवायची तर आत लोखंड नसलेली घ्या. खाऱ्या हवेत ते गंजतं आणि खाली रंग कधी फुगला ते कळतही नाही. चुंबकी पट्ट्या? मध्ये वाळूचा एक कण अडकला की झाला पॉलिश पेपर! लावण्याआधी पत्रा आणि पट्टी दोन्ही पुसा.

रंग शाबूत असेल तर पोचा आतून सळईने दाबून निघतो, रंगकाम लागत नाही; पत्र्याच्या घडीवर बसला असेल तर मात्र अवघड. रंग उडून पत्रा दिसत असेल तर पावसाळ्याआधीच गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा, प्रायमर लावा, मग टचअप. "एवढंसं तर आहे" म्हणणाऱ्यांना ऑगस्टमधला तो तांबूस फोड दाखवायला हवा.