फौजदाराची किडनी

जळगावात एप्रिलमध्ये कुणी जास्त पाणी प्यायलं तर त्याला आजार म्हणत नाहीत, शहाणपण म्हणतात. पारा पंचेचाळिशीकडे निघालेला, माठ दिवसातून दोनदा भरायचा, आणि दारात आलेल्या माणसाला पाणी हवं का असं विचारायचं नसतं, तांब्याच हातात द्यायचा. अशा दिवसांत आमचा बोका पाच-पाच मिनिटं लपालपा पाणी प्यायला लागला तेव्हा घरात कौतुकच झालं. "ऊन शे ना, पी राहिना बिचारा," माय म्हणाली. मी जास्तीचा एक वाडगा भरून ठेवला. एकूण काय, रोगाला आम्ही पाणपोई घालून दिली.

बोक्याचं नाव फौजदार. बारा वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात घरात शिरला, तिन्ही खोल्या तपासल्या, दुधाचं पातेलं ताब्यात घेतलं आणि मुक्काम ठोकला. आमच्याकडे फौजदारी डाळ होते ती वेगळी. ती निदान सांगितल्या वेळी गॅसवर चढते.

मे उजाडेपर्यंत त्याच्या पाठीवर हात फिरवला की मणके मोजता यायला लागले. सकाळी पिवळ्या पाण्याची उलटी. वाळूच्या टोपल्यात ओले गोळे, ते आधी लिंबाएवढे असायचे, आता कांद्याएवढे. शेवटी भाजीच्या पिशवीत घालून त्याला डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून बाहेर टाकायचा कचरा, ३.४.

डॉक्टर म्हणाले, २.९ ते ५ म्हणजे किडनीच्या आजाराची तिसरी पायरी. एकूण पायऱ्या चार. रक्तातला हा आकडा वर चढेपर्यंत किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम गेलेलं असतं. मांजराचे पूर्वज वाळवंटातले, लघवी घट्ट करून पाणी वाचवणारी जात. किडनीला ते जमेनासं झालं की पाणी नुसतं वाहून जातं आणि भरपाईसाठी मांजर पीत सुटतं. म्हणजे हा पीत होता म्हणून लघवी होत नव्हती, लघवी होत होती म्हणून पीत होता. आम्ही महिनाभर पावती उलटी धरून वाचत होतो.

"बरा नाही व्हायचा," डॉक्टर म्हणाले, "पण सांभाळला तर पुष्कळ चालेल."

"पुष्कळ म्हणजे?"

त्यांनी बोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोक्याबद्दल त्यांना फारशी शंका दिसली नाही.

घरी आलो ते रिंगर लॅक्टेट नावाच्या सलाईनची पाचशे मिलीची बाटली, नळी आणि वीस नंबरच्या सुया घेऊन. दिवसाआड शंभर मिली, कातडीखाली. शीर शोधायची नाही, एवढाच काय तो दिलासा. मानेमागची कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची, तंबूच्या दारातून सुई आत घालायची, नळीवरचं चक्र सोडायचं. दवाखान्यात हे तीन मिनिटांत झालं होतं. दवाखान्यात फौजदार हा भेदरलेला आरोपी होता. घरी हद्द त्याची होती.

बाटली लटकवायला हॉलमधली झोपाळ्याची कडी सापडली. बाटली कोमट करून घ्या, गार पाणी अंगात गेलं की मांजर बिथरतं, असं सांगितलेलं होतं. हे सांगणारा माणूस एसीत बसला होता. मांजराचं अंग ३८-३९ अंश, आणि मेच्या दुपारी आमच्या हॉलमध्ये नुसती ठेवलेली बाटली त्याहून गरम. रिंगर लॅक्टेट माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून कोमट करणारं आमचं घर वेगळंच म्हणायचं.

पहिल्या दिवशी बायकोने त्याला टॉवेलात गुंडाळलं, मी तंबू उभारला, सुई घातली, चक्र सोडलं. बोका शांत. इतका शांत की मला स्वतःबद्दल आदर वाटायला लागला. बाटलीतले थेंब टपटप पडताहेत, मी बायकोकडे विजयी मुद्रेने बघतोय, आणि ती म्हणाली, "माझी मांडी ओली का लागतेय?" सुई तंबूच्या एका दारातून शिरून दुसऱ्या दारातून बाहेर आली होती. साठ मिली रिंगर लॅक्टेट माझ्या सौभाग्यवतींना चढलं होतं. बोका शांत होता कारण त्याचा या प्रकरणाशी संबंधच नव्हता.

दुसऱ्या खेपेला सुई बरोबर बसली, पण तो उठला. नळीसकट पलंगाखाली गेला, सुई निसटली आणि हॉलभर सडा पडला. तिसऱ्या खेपेला मात्र शंभरच्या शंभर आत गेलं. खांद्यावर लिंबू, मग संत्रं, मग मोसंबं असा उंचवटा आला आणि तासाभरात घसरून पुढच्या पायात उतरला. हे असंच होतं, पाणी हळूहळू शोषलं जातं. पण एका पायात पाण्याची पिशवी घेऊन तो जो डुलत चालला, तो थेट दुसऱ्याची झूल घातलेला पोळ्याचा बैल.

हे सगळं माय झोपाळ्याच्या रिकाम्या पाटावरून बघत होती. पाट जमिनीवर होता, कारण कडी सरकारजमा झाली होती. "मांजरले सलाईन!" ती म्हणाली. "आम्हले ताप उना तं काढा बी भेटे नही." माय अमळनेरकडची. रागावली की अहिराणी, आणि खूष असली तरी अहिराणीच.

बातमी पसरायची ती पसरलीच. घरात सलाईन लटकलंय, किडनीचं आहे, एवढंच चाळीसगावला पोहोचलं. कुणाची किडनी हे वाटेत कुठेतरी गळलं. रविवारी सकाळी मामा-मामी आणि दोन मावश्या केळ्यांची फणी घेऊन पडलेल्या चेहऱ्याने दारात. मामांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "डायलिसिसवर गेलं का?" तेवढ्यात माय पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आली. वांगी भाजत होती, तोंडावर राख. मामींनी तिला बघून हुंदका दिला.

उलगडा झाल्यावर मामा बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. माय मात्र खवळली. "मना गुडघा दोन वरिस पासून दुखी राहिना, तवय कोनी उनं नही. बोकाले देखाले चौघं उनात!" मग त्या चौघांना तिने भरीत-भाकरी खाऊ घातली आणि गुडघ्याची साद्यंत हकिकत ऐकवली. एसटी चुकेपर्यंत.

सल्ले तर विचारू नका. कुणी पुनर्नवा सांगितली, कुणी गोखरू. एका गृहस्थांनी अर्धी पॅरासिटामॉल सुचवली, तेव्हा मात्र मी आवाज चढवला. मांजराला ती विष आहे, अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. मांजर मारलं की सोन्याचं मांजर करून काशीला न्यावं लागतं हे लहानपणी ऐकलेलं. जळगावात सोन्याला तोटा नाही म्हणा, पण फौजदार अजून सव्वातीन किलो भरतो.

खाणं हा वेगळा खटला. किडनीच्या मांजराला फॉस्फरस कमी हवा, म्हणून खास कोरडं खाणं मागवलं. त्याच्या किलोच्या भावात आमच्याकडे बदाम आले असते. फौजदाराने ते हुंगलं आणि पंजाने फरशी खरवडून त्यावर माती लोटू लागला. मांजर माती कशावर लोटतं हे सांगायला नको. जुन्या खाण्यात रोज चिमूट-चिमूट मिसळत तीन आठवड्यांनी त्याने ते गोड मानून घेतलं, म्हणजे मी बघत नसताना खातो.

सलाईनचं आता बसलंय. फक्त टॉवेल त्याला चालत नाही, मायची मांडी चालते. त्यामुळे दिवसाआड संध्याकाळी माय भिंतीला टेकून बसते, तो तिच्या नऊवारीत तोंड खुपसतो, मी खाली मान घालून सुई धरतो. मला बाटली दिसत नाही, म्हणून आकडा मायने चष्मा लावून वाचायचा. "झालं शंभर," ती म्हणाली की मी चक्र बंद करतो.

पाचशेच्या बाटलीत पाच खेपा. परवा पाचवी झाली, बाटली कडीवरून काढली, तर आत नव्वदच्या वर शिल्लक. मी मायकडे पाहिलं. ती चष्मा पुसत होती.

"बाटलीच मोठी व्हई रे," ती म्हणाली.