मोठ्या माणसांच्या संस्कारवर्गाचं काय?

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींची एक गंमत आहे. मुलांसाठी मराठी शाळा, बालविहार, श्लोकपाठांतर, सगळं शोधून शोधून लावतो. आणि मुलं आत 'शुभं करोति' म्हणत असताना आपण पार्किंगमध्ये गाडीत बसून फोन चाळतो. देव, मरण, पैसा, लग्न यांबद्दल पंचविशीत जे काही डोक्यात बसलं तेच शेवटपर्यंत पुरणार, असं आपण धरून चालतो. फार तर साठीनंतर यूट्यूबवर एखादे महाराज सापडतात.

मी बोस्टनजवळच्या एका युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट चर्चमध्ये काही वर्षं जाते आहे. (आईला फोनवर सांगितलं तेच इथेही सांगते: धर्म बदललेला नाही, दीड दिवसाचा गणपती घरी बसतोच.) युनिटेरियन आणि युनिव्हर्सलिस्ट हे दोन जुने उदारमतवादी पंथ 1961 मध्ये एकत्र आले. सगळ्यांनी मानलाच पाहिजे असा कुठलाही श्रद्धेचा मसुदा तिथे नाही. शेजारच्या खुर्चीत ज्यू, नास्तिक, बौद्ध, कॅथलिक घरातून रुसून आलेला, कोणीही असू शकतं. आणि तिथे मुलांच्या रविवारच्या वर्गाइतकेच मोठ्यांचे वर्गही गंभीरपणे चालवतात. सप्टेंबरात यादी लागते. शिकवणारी बहुतेक चर्चमधलीच माणसं असतात, म्हणजे निवृत्त शिक्षिका, नर्स, एखादा वकील.

त्यातला मला सर्वांत कठीण गेलेला प्रकार म्हणजे छोटा गट. आठ-दहा माणसं, तळघरातली मुलांच्या वर्गाची खोली, भिंतीवर क्रेयॉनने काढलेला, बायबलमधल्या नोहाच्या नौकेतला जिराफ, कागदी कपात बेचव डिकॅफ. मधोमध कटोऱ्यातली ज्योत पेटवतात. ते या पंथाचं चिन्ह आहे, दुसऱ्या महायुद्धात निर्वासितांना मदत करणाऱ्या युनिटेरियन समितीसाठी 1941 मध्ये एका ऑस्ट्रियन निर्वासित चित्रकाराने काढलेलं. मग एक विषय, समजा क्षमा. प्रत्येकाने आपल्यापुरतं बोलायचं. दुसरा बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. त्याचं संपल्यावरही सल्ला द्यायचा नाही, 'माझ्या मावशीचंही अगदी असंच झालं' म्हणायचं नाही. मराठी माणसाला हे किती जड जातं विचारू नका! एकदा एका आजोबांनी भावाशी अनेक वर्षांचा अबोला आहे असं सांगितलं. माझ्या जिभेवर 'अहो, एक फोन करून टाका ना' आलं होतं. ते तसंच गिळलं. थोड्या वेळाने त्यांचे तेच म्हणाले, 'तो फोन उचलेल याचीच मला भीती वाटते.' मी मध्ये बोलले असते तर हे वाक्य आलंच नसतं.

दुसरा प्रकार, स्वतःची श्रद्धा पानभर लिहून काढायची आणि गटापुढे वाचायची. 'सगळे धर्म सारखेच' असं लिहून सुटका होत नाही, पुढचा प्रश्न येतो की मग तू कशाच्या आधारावर जगतेस. आणि तिसरा ऐकून तर आमच्या इथल्या मराठी मंडळात दोघी-तिघी खोकल्या. लैंगिकतेचं शिक्षण, तेही चर्चमध्ये, मोठ्यांसाठी. युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या दुसऱ्या एका प्रोटेस्टंट पंथाबरोबर मिळून बनवलेला हा अभ्यासक्रम बालवाडीपासून पन्नाशीपुढच्यांपर्यंत आहे. शरीर, संमती, म्हातारपणातली जवळीक. आपल्याकडे यावर फक्त विनोद होतात.

आता दुसरी बाजू. 'जगातले धर्म' नावाचे जे वर्ग असतात ते मला मुळीच पटत नाहीत. एका आठवड्यात बौद्ध, पुढच्यात इस्लाम, त्यापुढे आम्ही. थाळीतलं सगळं चाखायचं, पोट कशानेच भरत नाही. आणि 'हिंदू आठवडा' आला की माना माझ्याकडे वळतात, जणू उपनिषदं मीच लिहिली. वर्गात बहुतेक गोरे, सुशिक्षित, निवृत्त. दोन नोकऱ्या करणारा माणूस मंगळवारी संध्याकाळी सातला कसा येणार? यावर चर्चा पुष्कळ होते, वेळ काही बदलत नाही. माझं मत विचाराल तर जिथे माणसाकडून काही मागितलं जातं, गप्प बसणं, लिहिणं, लाज सोडणं, तिथेच हे शिक्षण खरं आहे. बाकी सहल.

आणि हे आपल्याला परकं तरी कुठे आहे? महर्षी विठ्ठल रामजी शिंदे 1901 मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्म शिकायला गेले ते युनिटेरियनांच्याच शिष्यवृत्तीवर, प्रार्थना समाजाच्या पाठिंब्याने. 1903 मध्ये परतले, मुंबईत समाजाचं प्रचारकाचं काम हाती घेतलं आणि 1906 मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. धर्म शिकून आलेला माणूस अस्पृश्यांसाठी शाळा काढायला लागला. इथे चर्चमध्ये हे सांगितलं तर लोक वहीत लिहून घेतात. मंडळात सांगितलं तर 'कोण शिंदे?'

गेल्या महिन्यात मंडळाच्या समितीत मी सुचवलं की मोठ्यांसाठीही असं काहीतरी करू. उत्तर आलं, 'कोण येणार? आणि वक्ता कोण?' वक्ता नकोच आहे. हॉल नको, माइक नको, बटाटेवडेही नकोत (बरं, वडे चालतील). आठ जण पुरे. पहिला विषय मी ठरवला आहे: आईवडील तिकडे, आपण इकडे. महिन्यातून एकदा, रविवारी दुपारी, आमच्याकडे. येणाऱ्यांनी मेसेज करा. सल्ले घरी ठेवून या.