घराचा विमा: कंपनी नंतर बघा, आधी रक्कम बघा

घराच्या विम्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठली कंपनी चांगली?" माझ्या मते त्याआधीचा प्रश्न आहे, "विमा किती रकमेचा?" बहुतेक घरांत हा आकडा फॉर्म भरताना अंदाजपंचे टाकला जातो आणि पुढे वर्षानुवर्षं कोणी त्याकडे बघत नाही. हप्ते मात्र सगळे वेळेवर भरत असतात, म्हणून मला हे जास्त लागतं.

घर विकलं तर किती येतील, हा तो आकडा नाही. विक्रीच्या किमतीत जागेची किंमत धरलेली असते, आणि आग लागली तरी जागा जात नाही. विम्यासाठी हवा तो, घर पूर्ण कोसळलं तर तसंच पुन्हा बांधायचा खर्च: राडारोडा उचलणं, आर्किटेक्टची फी, माल, मजुरी. मोक्याच्या जागी घर असेल तर हा खर्च विक्रीच्या किमतीहून बराच कमी निघतो. जुनं दगडी किंवा कोरीव लाकूडकामाचं घर असेल तर उलट जास्तही निघू शकतो. १६६६ च्या आगीत लंडनमधली १३,००० हून जास्त घरं जळाली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत तिथे आगीचा विमा सुरू झाला. तेव्हाही लाकडी घराला विटांच्या घराच्या दुप्पट हप्ता होता. म्हणजे घर कशाचं बांधलंय, हे तेव्हापासून महत्त्वाचं आहे.

"सगळं घर थोडंच जळणार आहे? कमी रकमेचा काढू, हप्ता वाचेल," हा विचार फार लोक करतात. इथेच मोठा फटका बसतो. कित्येक पॉलिसींत अॅव्हरेजचं कलम असतं. समजा घर पुन्हा बांधायला १०० लागतात आणि विमा ६० चा आहे. फक्त स्वयंपाकघर जळलं, नुकसान २० चं. नुकसान ६० च्या आतलं आहे म्हणून पूर्ण २० मिळतील असं वाटतं, पण हातात येतात १२. विमा ६० टक्के, म्हणून भरपाईही ६० टक्के. माझी कळकळीची विनंती आहे, तुमच्या पॉलिसीत हे कलम आहे का ते आजच बघा. आणि दर नूतनीकरणाला रक्कमही बघा, कारण बांधकामाचा खर्च वाढत राहतो आणि जुना आकडा आपोआप तोकडा पडतो.

सामानाचं तर आणखी अवघड. माझ्या आत्याकडे शॉर्टसर्किटने एक खोली जळाली. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजायला आलेला माणूस, काळ्या पडलेल्या कपाटासमोर उभा राहिला आणि त्याने अगदी नीट विचारलं, "यात काय काय होतं?" आत्याला कपडे आठवले, कॅमेरा आठवला. क्लेम मिटून गेल्यावर आठवलं, खालच्या कप्प्यात शिलाई मशीन होतं. वर्षानुवर्षं वापरलेलं मशीन, पण त्या घडीला काही सुचलं नाही. कोणालाच सुचत नाही.

म्हणून मोबाइलवर घराचा व्हिडिओ करा. नुसत्या खोल्या नकोत. कपाटं उघडा, ड्रॉवर ओढा, माळ्यावरचे खोके बघा. टीव्ही-फ्रिजच्या मागच्या स्टिकरचा फोटो घ्या, मॉडेल आणि सिरीयल नंबर त्यावरच असतो. बिलांचे फोटो काढा आणि हे सगळं स्वतःला ईमेल करून ठेवा. दागिने, कॅमेरा, महागडी सायकल यांना बहुधा एका वस्तूमागे मर्यादा असते. त्याहून किमती वस्तू पॉलिसीत वेगळी नोंदवावी लागते. आणि जुन्या वस्तूच्या जागी नवीची किंमत मिळणार की घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, कापून, हे विचारल्याशिवाय दोन पॉलिसींच्या हप्त्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

भाड्याने राहणाऱ्यांसाठी एवढंच: मालकाचा विमा भिंतींचा असतो, तुमच्या सामानाचा नाही.

मग अपवादांचं पान, म्हणजे कशाची भरपाई मिळत नाही त्याची यादी. कंटाळवाणं आहे, पण वाचाच. पाइप अचानक फुटून पाणी शिरलं तर बहुधा भरपाई मिळते. तेच पाणी महिनोन्महिने भिंतीत झिरपत असेल तर बहुधा नाही, कारण ती देखभाल आपली मानली जाते. कुलूप किंवा खिडकी तोडल्याची खूण नसेल तर चोरीचा क्लेम अडू शकतो. घर बरेच दिवस बंद राहणार असेल, भाड्याने दिलं असेल किंवा मोठं काम काढलं असेल तर कंपनीला आधी लेखी कळवा. पूर आणि भूकंप पॉलिसीत आहेत की वेगळे घ्यायचे, हे गृहीत धरू नका.

नुकसान झालंच तर आधी ते वाढणार नाही असं करा. पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, फुटलेल्या छपरावर ताडपत्री टाका, मात्र त्याआधी फोटो घ्या. कंपनीला लगेच कळवा. मोडकं सामान सर्व्हेअरने बघेपर्यंत टाकू नका. घर लवकर आवरावंसं वाटतं आणि त्या घाईत पुरावाच कचऱ्यात जातो. क्लेम नाकारला तर फोनवरच्या उत्तरावर थांबू नका. कुठल्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागा, ते कलम आपल्या पॉलिसीत तसंच आहे का ताडून पाहा आणि मग कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी अर्ज करा.