मुलांना घटस्फोटापेक्षा मोघम अटी जास्त छळतात

‘मुलांसाठी तरी सोबत राहा’ हा सल्ला नातेवाईक सर्रास देतात. तो ऐकून कितीतरी जोडपी वर्षानुवर्षं एकाच छताखाली भांडत राहतात. मला हा सल्ला धोक्याचा वाटतो. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ मेव्हिस हेदरिंग्टन यांनी घटस्फोट झालेल्या आणि न झालेल्या कुटुंबांचा काही दशकं मागोवा घेतला. घटस्फोट झालेल्या घरांतल्या साधारण २० ते २५ टक्के मुलांना पुढे गंभीर अडचणी आल्या. न मोडलेल्या घरांत हेच प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. धोका दुप्पट, हे मान्यच करायला हवं. पण चारातली तीन मुलं सावरली, हेही तितकंच खरं. समाजशास्त्रज्ञ पॉल अमेटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आणखी एक गोष्ट आढळली: जिथे रोजची कडाक्याची भांडणं होती तिथली मुलं आई-वडील वेगळे झाल्यावर बरी राहिली, आणि वरून शांत दिसणारं घर अचानक मोडलं तेव्हा मुलं जास्त हादरली.

म्हणून खरा प्रश्न वेगळं झाल्यावर काय होतं हा आहे. आपल्याकडे तो बहुतेक वेळा संमतीच्या अटींमध्ये, म्हणजे परस्पर संमतीने वेगळं होताना दोघं न्यायालयाला लिहून देतात त्या करारात, अडकतो. पोटगी, फ्लॅट, दागिने यांवर पानंच्या पानं लिहिली जातात आणि मुलाबद्दल एकच ओळ असते: ‘वडिलांना वाजवी भेटीचा हक्क राहील.’ वाजवी म्हणजे किती? पुढची दहा वर्षं भांडण या एका शब्दावर चालतं आणि दर शनिवारी ते मुलासमोर होतं.

त्या ओळीऐवजी काय लिहावं? कोणते शनिवार-रविवार, किती ते किती, मुलाला कोण आणणार आणि कुठे सोडणार. शक्य असेल तर शुक्रवारी शाळेतून घ्यावं आणि सोमवारी शाळेतच सोडावं, म्हणजे दोघं दारात समोरासमोर येत नाहीत. दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी, गणपती एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. भाऊबीज विसरू नका. नाहीतर वडिलांकडची चुलत आणि आत्तेभावंडं, आजी-आजोबा हळूहळू तुटतात, आणि मूल पंचविशीत आल्यावर त्या बाजूचं कुणीच ओळखीचं उरत नाही. व्हिडिओ कॉलचे वार आणि वेळा. शाळेच्या दप्तरी दोघांचे फोन नंबर, पालकसभेची सूचना आणि प्रगतिपुस्तक दोघांनाही. मूल आजारी पडलं तर ठरलेल्या दिवसाची भरपाई कधी, तेही लिहा.

पैशाच्या कलमात एक खड्डा हमखास राहतो. मुलाचा खर्च ‘सज्ञान होईपर्यंत’ असं लिहिलं जातं. अठरावं वर्ष बहुतेकांचं बारावीत किंवा कॉलेजच्या पहिल्या वर्षात लागतं, नेमकी मोठी फी भरायच्या वेळी. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ मधली मुलग्याच्या निर्वाहाची तरतूद तो अठरा वर्षांचा होईपर्यंतच आहे; अविवाहित मुलीला त्यानंतरही संरक्षण आहे. म्हणून अटींत ‘पदवी पूर्ण होईपर्यंत’ असं स्पष्ट लिहा, फीचा वाटा टक्क्यांत ठरवा आणि दरवर्षीची वाढही घाला. हे राहिलं तर मूल आपल्याच फीसाठी वडिलांपुढे अर्ज घेऊन उभं राहतं, आणि ते अपमानासारखं लक्षात राहतं.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात अर्ज दाखल करणं हा पहिला टप्पा आणि न्यायालयात संमती पुन्हा सांगणं हा दुसरा; त्या दोन्हींच्या मध्ये सहा महिन्यांचा काळ असतो. २०१७ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे योग्य प्रकरणात तो माफ होऊ शकतो. मुलं असतील तर माफीची घाई करू नये, असं माझं ठाम मत आहे. हे सहा महिने वेळापत्रक चालवून बघा. कुठे अडतं ते कळेल, आणि दुसऱ्या टप्प्याआधी अटी दुरुस्त करता येतील.

मुलाला सांगताना दोघांनी एकत्र बसून सांगावं. एकमेकांच्या चुका सांगत बसू नये. तू कुठे झोपणार, शाळा तीच का, बसस्टॉपवर घ्यायला कोण येणार, हे सांगावं. चार-पाच वर्षांच्या मुलाला वाटतं की आपण हट्ट केला म्हणून बाबा गेले. त्याला ‘यात तुझी चूक नाही’ हे एकदा सांगून भागत नाही, आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. नऊ ते बारा वयाची मुलं बाजू घेतात. त्यांना पोस्टमन करू नका. ‘बाबांना सांग पैसे आले नाहीत’ हा निरोप थेट मोबाइलवर पाठवा. किशोरवयातली मुलगी आईची सल्लागार होते आणि सगळे तिच्या समजूतदारपणाचं कौतुक करतात. मला त्याची सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण तिचं स्वतःचं दुःख मागे पडतं आणि लग्नाचा विषय निघाला की वर येतं. त्यात स्थळाकडचे ‘आई-वडील वेगळे का झाले?’ हे तिलाच विचारतात. उत्तर काय द्यायचं, हे आई आणि वडिलांनी एकच ठरवून तिला आधी सांगितलेलं असावं.

निकाल लागून गेला असेल तरी दार बंद झालेलं नसतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली ताबा, निर्वाह आणि शिक्षणाचे आदेश हुकूमनाम्यानंतरही अर्ज करून बदलून घेता येतात. मोघम ओळ दुरुस्त करायची असेल तर पुढच्या सुट्टीवरून वाद पेटायच्या आधी वकिलाला भेटा.