हॉब्स हा भास नाही
‘केल्विन अँड हॉब्स’ या चित्रपट्टीवरच्या लेखातलं ‘हॉब्स म्हणजे एकट्या केल्विनला होणारा भास’ हे विधान अजिबात पटलं नाही. केल्विन हा लहान मुलगा, तर हॉब्स त्याचा वाघ. चित्रपट्टीकार बिल वॉटरसननं १९८५ ते १९९५ अशी दहा वर्षं हॉब्स खरा की भास, हा प्रश्न मुद्दाम उघडा ठेवला. हॉब्स केल्विनला खुर्चीला करकचून बांधतो ती पट्टी आठवा! पोरानं स्वतःला असं बांधलंच कसं, हे बाबांना कळतच नाही. मोठ्यांना कापडी वाघ दिसतो, केल्विनला जिवंत. वॉटरसन दोघांपैकी कुणालाच खोटं पाडत नाही. त्या पट्टीची खरी जादू मला इथेच वाटते.

आणि केल्विनच्या एकटेपणातून हॉब्स आला असं म्हणाल, तर आमचं घर माणसांनी भरलेलं असायचं. तरी माझी धाकटी तिच्या कापडी हत्तीचं ताट वाढल्याशिवाय जेवायला बसत नसे. तिला सोबत कमी नव्हती, तिला हत्तीच हवा होता.